सवतीचा श्वास

४ फेब्रुवारी

भावोजी,

पाकीट बघून दचकू नका. घरात सगळे ठीक आहेत, सगळे म्हणजे मी आणि सासूबाई. हे फोनवरच बोलले असते, पण फोन त्यांच्या खोलीत. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं म्हणतात, ते फक्त आपण कामाला हाक मारली तर. बाकी भिंतीपलीकडची पाल चुकचुकली तरी कळतं.

विषय सवतीचा आहे. तुमच्या दादांची ती दोन सीटची लाल गाडी. लग्नाआधीपासूनची, माझ्याहून लाडकी, आणि शर्यतीच्या गाड्यांसारखी नाकाने जमीन हुंगत चालणारी. दादा गेले तेव्हा ती घरच्या वर्कशॉपमध्ये उघडी पडली होती. पेट्रोलची टाकी काढून, धुऊन त्यांनी नुकती परत बसवली होती, बाकी अर्धं काम सुटंच होतं. दातांच्या डॉक्टरांना विकायची म्हणून नाक्यावरच्या मेकॅनिकने मध्यंतरी ती जोडून दिली. देण्याआधी एकदा चालवून बघू म्हटलं, आणि आता रोजच काढते.

तर दुखणं असं. घरून निघताना शहाण्या मुलीसारखी चालते. बाजार, शाळा, पूल, सगळं नीट. मग काचकारखान्याचा चढ लागतो. बंद पडलेल्या कारखान्याची ती लांबच लांब भिंत तुम्हाला आठवत असेल. तिथे तिचा जोर जातो, आचके देते आणि चढ संपता संपता बंद पडते. थोडा वेळ नुसतं बसून राहिलं की काही झालंच नाही अशी सुरू होते.

मेकॅनिकने फिल्टर बदलला, पंपातला रबरी पडदा बदलला, कार्ब्युरेटर दोनदा खोलला. इंजिनाला पेट्रोल पोचत नाही, एवढं तो ठामपणे सांगतो. का पोचत नाही, तर म्हणतो, "बाई, गाडी जुनी आहे." हे तर मीही सांगितलं असतं, मी काय नवी आहे?

तुम्ही तिकडे खाणीतलं पाणी उपसणारे एवढाले पंप सांभाळता. हा वीतभर पंप तुम्हाला काय जड? सांगा काय करू.

तुमची वहिनी


१३ फेब्रुवारी

वहिनी,

पंपघरात तुझं पत्र वाचून एकटाच हसत बसलो. इथल्या लोकांना वाटलं, याला आता खाण बाधली.

बाबा म्हणायचे, पेट्रोल रुसलं तर त्याच्या माहेरापासून शोध सुरू करावा. तुझा मेकॅनिक निघाला सासरकडून, म्हणजे इंजिनाकडून. म्हणून अजून तिथेच घुटमळतोय. आपण टाकीपासून निघू.

टाकीत गंज असेल तर तो गाळणीवर जमतो आणि गाडी थांबली की खाली बसतो, म्हणून परत सुरू होते. पण टाकी दादाने धुतली होती. दादाने धुतलेल्या टाकीत गंज सापडला तर मी मिशी काढेन. उकाड्यात नळीतल्या नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि पंप ती वाफच चघळत बसतो. पण तुमच्याकडे सध्या दात वाजताहेत, म्हणून तेही बाद. माझा संशय वेगळाच आहे, पण आधी तुझ्याकडून ऐकू दे.

असं कर. पुढच्या वेळी थांबली की बॉनेटला हात लावू नकोस. सरळ मागे जा आणि टाकीचं झाकण हळूहळू उघड. उघडताना कान जवळ ने. काय ऐकू येतं ते लिही.

आणि हो, काम अर्धं राहिलं होतं म्हणतेस, तर स्टिअरिंगला दोरी असणार. आमच्या बाबांची ती शिस्तच होती. कुठलीही नळी सोडली, की उघड्या तोंडात चिंधी कोंबायची, आत कचरा जाऊ नये म्हणून. आणि दर चिंधीमागे स्टिअरिंगच्या दोरीला एक गाठ मारायची. चिंधी काढली की गाठ सोडायची. दोरीला एक जरी गाठ असली तरी चावी फिरवायची नाही. मी एकदा फिरवली आणि कान लाल करून घेतला. दादाने जन्मात फिरवली नाही. ती दोरी कुठे आहे? गाठी होत्या का तिला?

आईला नमस्कार सांग, आणि सांग की मी जेवतो.

धाकटा


२२ फेब्रुवारी

भावोजी,

सांगितलंत तसं केलं.

भिंतीपाशी थांबली. रस्त्यावर कुणी नव्हतं. भिंतीवर एक मांजर बसलं होतं तेवढंच. मी मागे गेले, कान जवळ नेला आणि झाकण थोडंसं वळवलं.

भावोजी, तिने श्वास घेतला.

हवा गेल्यासारखा आवाज वगैरे नाही. लांब, खोल श्वास, पाण्याखालून वर आलेलं माणूस घेतं तसा. संपता संपता एक बारीक शिट्टी वाजली आणि मग सगळं शांत. माझा हात झाकणावर तसाच राहिला. मांजर उठून निघून गेलं. चावी फिरवली तर पहिल्या झटक्यात सुरू.

तुम्ही म्हणाल, वहिनी भित्री. मी भ्यायले नाही हो. भ्यायला हवं होतं आणि भ्यायले नाही, याचंच मला नवल वाटतंय.

सासूबाईंचा गुडघा बरा आहे. लोकरीचे मोजे वेगळ्या पार्सलने पाठवलेत. डावा जरा मोठा झालाय, पण तुमचा डावा पायही मोठाच आहे.

वहिनी


३ मार्च

वहिनी,

शाबास! चोर सापडला.

प्लास्टिकच्या बाटलीला तोंड घट्ट लावून पाणी ओढत राहिलं तर काय होतं? बाटली चेपते आणि पाणी यायचं थांबतं. टाकीचं तेच झालंय. जेवढं पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यायला लागते. हवेची वाट कुठेतरी बुजली आहे, म्हणून टाकीत पोकळी साठत जाते आणि बिचारा पंप ओढून ओढून थकतो. थांबून राहिलं की कुठल्यातरी फटीतून हळूहळू हवा शिरते, म्हणून परत सुरू. झाकण उघडलंस की एकदम धावते. तो तुझा श्वास. शिट्टी म्हणजे झाकणाचं रबरी वायसर. जुनं झालं की वाजतं.

आणि ती भिंत वगैरे काही नाही. घरून निघाल्यावर तेवढ्या अंतरात पोकळी भरते, म्हणून तिथे थांबते. दुसऱ्या रस्त्याने गेलीस तर तिथेही तेवढ्याच अंतरावर थांबेल. खात्री करायची तर एकदा झाकण सैल ठेवून जा. थांबली नाही की निदान पक्कं.

पण एक कळकळीने सांगतो. घट्ट झाकणाने आता चालवू नकोस. पत्रा जुना आहे, आत ओढला जातोय. एखाद्या दिवशी सांध्याला चीर जाईल, तापलेल्या धुराड्यावर, म्हणजे सायलेन्सरवर, पेट्रोल गळेल आणि मग एक ठिणगी पुरे.

दोरीचं लिहायला विसरलीस.

धाकटा


१९ एप्रिल

वहिनी,

मोजे मिळाले, उत्तर नाही मिळालं. मोजे मस्त आहेत.

आईला फोन केला तर "सगळं बरं आहे" म्हणाली आणि आपणहून फोन ठेवला. आजवर आईने आपणहून फोन ठेवलेला कुणी ऐकलाय का? तू घरात नव्हतीस. संध्याकाळची वेळ होती.

गाडी दिलीस का डॉक्टरांना? दोन ओळी लिही. तुला शपथ आहे.

धाकटा


२७ एप्रिल

भावोजी,

शपथ घातलीत म्हणून लिहिते, नाहीतर गप्पच बसणार होते.

तुमचं निदान खरं आहे. झाकण सैल ठेवून गेले, गाडी कुठेच थांबली नाही. सबंध रस्ता मुकी. घरी आले, वर्कशॉपचं दार लावलं आणि तिथेच उभी राहिले. मग दार उघडलं, झाकण घट्ट बसवलं आणि परत गेले. भिंतीपाशी थांबली, तेव्हा कुठे मला बरं वाटलं.

डॉक्टरांना नाही म्हणून कळवलंय. मी रोज तिन्हीसांजेला जाते.

दुसऱ्या रस्त्यानेही जाऊन बघितलं, कालव्याकडच्या. तुमच्या हिशेबाने ती तिकडेच कुठेतरी थांबायला हवी होती. थांबली नाही. लांबून वळसा घालून भिंतीच्या मागल्या अंगाने आली आणि तिथेच थांबली. याच चढावर त्यांनी मला गाडी शिकवली. चढ संपला की म्हणायचे, "थांब, तिला जरा श्वास घेऊ दे."

मी तुम्हाला एक कधी सांगितलं नाही. त्या दिवशी मी त्यांना जेवायला हाक मारायला गेले होते. चाकाला पाठ टेकून खाली बसले होते. माझ्याकडे बघितलं आणि श्वास घेतला, लांब, नाकातल्या त्या शिट्टीपर्यंत. मी वाट बघत राहिले, सोडतील म्हणून. शेजारी धावत आले, डॉक्टर आले, सगळे काय काय बोलत होते आणि मी तुमच्या दादांच्या तोंडाकडे बघत वाटच बघत होते. अजून बघतेच आहे.

आता रोज तो श्वास ऐकते. मग घरी येते आणि मला जेवण जातं. एवढंच माझं सुख आहे. ते दुरुस्त करू नका.

वहिनी


८ मे

धाकट्या,

चष्मा लावून लिहिते आहे, अक्षर सांभाळून घे.

रोज कातरवेळी ही जाते कुठे, म्हणून काल हट्ट करून मीही त्या गाडीत बसले. बसले कसली, विहिरीत उतरल्यासारखी उतरले. भिंतीपाशी गाडी आपोआप थांबली. ती म्हणाली, "सासूबाई, आता ऐका." आणि उतरून मागे गेली.

तिने झाकणाला हात लावायच्या आधीच मला ऐकू आलं.

वायसर, फियसर मला सांगू नकोस. लहानपणी तुझा दादा अंगणाच्या भिंतीवरून पडला आणि नाक मोडून घेतलं, तेव्हापासून ती शिट्टी मी ऐकली आहे. तुम्ही दोघं झोपलात की दिवा न लावता त्या आवाजावरून मला कळायचं, पोरं अंथरुणात आहेत. आई चुकत नाही.

मी रडले. पण तुझी वहिनी हसत होती, ते मला बरं वाटलं नाही. श्वास घेतो म्हणून ती खूश. अरे, नुसता घेतोच आहे ना? सोडायची वाट कुणी ठेवली आहे का त्याला? पोर कोंडलंय माझं. आणि आतला पत्राही कुरकुरतो, तो मी नीट ऐकला.

दोरीचं तू विचारत होतास, असं तिनेच सांगितलं. दोरी तिच्या मनगटाला आहे, बांगडीच्या आड. दोन गाठी होत्या. मेकॅनिकला पेट्रोलच्या नळीत एक चिंधी सापडली तेव्हा तिने एक गाठ सोडली. दुसरीची चिंधी कुणी शोधलीच नाही.

तू इंजिनवाला आहेस, काहीतरी लिही तिला. माझं ती ऐकत नाही. आणि मीही परत सांगणार नाही, कारण मलाही उद्या तिथे जावंसं वाटतंय.

आई


१६ मे

वहिनी,

आईचं पत्र आलं. तू तिच्यावर रागावू नकोस, हवं तर माझ्यावर रागाव.

आधी माझं ऐक. तू 'शिट्टी' लिहिलंस तेव्हाच मला कळलं होतं. दादाच्या शेजारी एका गादीवर माझं लहानपण गेलं, मला ती शिट्टी ओळखू येणार नाही? तरी मी वायसर लिहिलं. वायसर बदलता येतं म्हणून.

आता चिंधी कुठे आहे ते सांगतो. डिकीतला पुठ्ठा काढलास की टाकीची मान दिसेल. मानेच्या कडेला करंगळीएवढं एक तोंड आहे, त्यावर काळी नळी चढवलेली असेल. तीच हवेची वाट. टाकी काढताना दादाने ती नळी सोडली असणार आणि तोंडात चिंधी घातली असणार. ती जोडायच्या आधीच तो गेला. मेकॅनिकने आत न बघता चिंधीवरूनच नळी चढवली. दोरी जागेवर असती तर गाठ बघून त्याने विचारलं तरी असतं. नळी काढ, चिमट्याने चिंधी ओढ, नळी परत चढव. एवढंच काम आहे. मग टाकीत काही कोंडणार नाही, झाकण कितीही घट्ट असलं तरी.

मी येऊन केलं असतं. इथे खालच्या बोगद्यात पाणी चढतंय आणि मला हलता येत नाही, हे खरं आहे. पण मोकळा असतो तरी आलो नसतो. दोरी ज्याच्या हातात, चिंधी त्याने काढायची, हीसुद्धा बाबांचीच शिस्त.

दादाने आयुष्यात एकदाही गाठ असताना चावी फिरवली नाही. तू रोज फिरवते आहेस. त्याचं काम अर्धं टाकून तू त्याला रोज त्या भिंतीपाशी नेऊन उभं करतेस.

मलाही दादा हवा आहे, वहिनी. तो श्वास एकदा ऐकायला मी इथून चालत येईन. पण तू आणि आई त्या गाडीत बसता, खाली धुराडं तापलेलं असतं आणि पत्रा कुरकुरतो, हे वाचल्यापासून माझं कामात लक्ष नाही. माझं आता जगात दुसरं आहे कोण?

धाकटा


३० मे

भावोजी,

तुमचं पत्र आधी रागाने वाचलं, मग रडत वाचलं, मग चिमटा शोधला.

चिंधी होती. माझ्याच जुन्या निळ्या चौकड्याच्या ब्लाउजची. "एखादं मऊ कापड दे गं" म्हणाले होते, मीच फाडून दिलं होतं. पेट्रोलने काळी पडली होती, पण चौकडी दिसत होती. ओढली तशी निघाली. काही झालं नाही. मला वाटलं होतं, काहीतरी होईल.

गाठ मात्र सोडवेना. म्हटलं, एकदा भिंतीपर्यंत जाऊन येऊ, मग सोडू. सासूबाई न विचारताच शाल घेऊन येऊन बसल्या. दिवसभर आभाळ होतं आणि वारा गार होता, हे लिहून ठेवते, कारण तुम्ही उकाड्याचं काहीतरी सांगाल.

चढ आला. ती थांबली नाही. भिंत सबंध मागे पडली आणि पुढचं वळण आलं. तिथे एक मोठं झाड आहे, ते मी इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच बघितलं. मी कालव्यापर्यंत गेले, कारण कुठे थांबावं ते कळेना. तिथे गाडी वळवली आणि मोठमोठ्याने रडले. सासूबाई पाठीवरून हात फिरवत होत्या. सवतीसाठी एवढं कुणी रडलं नसेल.

येताना उतार होता. भिंतीपाशी गाडी थांबली.

आचके नाहीत, जोर जाणं नाही. बोलता बोलता माणूस गप्प होतं, तशी गप्प झाली. चावी जशीच्या तशी होती, मी हातही लावला नव्हता. मी उतरून मागे गेले आणि झाकण उघडलं. शांत. नळी मोकळी, आता आत काही कोंडणार नाही असं तुम्हीच लिहिलंत, आणि तसंच होतं. श्वास नव्हता. टाकीच्या तोंडावर तळहात ठेवून मी उभी राहिले. म्हटलं, संपलं.

तेव्हा आतून वारा आला. हळू, ऊन, लांब. बोटांच्या फटींतून जात राहिला, जात राहिला, आणि शेवटी जसा माणसाचा संपतो तसा संपला. शिट्टी नव्हती. सोडताना त्यांची शिट्टी कधीच वाजायची नाही, तुम्हाला आठवत असेल.

गाडीत काच बंद होती आणि मी एक शब्दही बोलले नव्हते. तरी आतून सासूबाईंचा आवाज आला, "सोडला गं."

मग मी तिथेच रस्त्यावर बसून गाठ सोडली. पेट्रोलने घट्ट झाली होती, दात लावावे लागले. दोरी सरळ करून स्टिअरिंगला परत अडकवली आहे. गाडी त्यानंतर एकदाही थांबलेली नाही. मीही आता तिकडे जात नाही, बाजारापुरतीच काढते.

याला कारण असेलच. तुम्ही पंपवाले आहात, तुम्हाला ते सापडेलही. सापडलं तर मला कळवू नका.

वहिनी